लिहिणारा तिथं गेला होता का?

वेंकू,

तुझ्या तेराव्याला जेवणं आटोपल्यावर सात जण तुझ्याविषयी बोलायला उठले, आणि मला त्या सातही जणांचा राग आला. पहिला उठला सेल्वराज, आपल्या वाचनालयाचा मालक. त्याचं मी समजू शकतो. दुसरी एक कॉलेजातली मुलगी होती. तिला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "वेंकोबा सरांनी मला एक प्रश्न शिकवला. भुताचं असो, पुनर्जन्माचं असो, असलं कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी विचारायचं, लिहिणारा तिथं गेला होता का?" लोकांनी माना डोलावल्या. तुझ्या मुलीनं पदरानं डोळे पुसले.

प्रश्न माझा होता, वेंकू.

उठून तसं सांगावं म्हणून मी खुर्चीच्या हातावर जोर दिलादेखील. मग तुझ्या बायकोकडे, पद्मावैनींकडे लक्ष गेलं आणि परत बसलो. मित्र जाऊन तेरा दिवस झालेले, आणि मी तिथं कशासाठी उठत होतो! घरी आल्यावर स्वतःची लाज वाटली. पण खरं सांगतो, आधी हेवा वाटला, लाज नंतर.

आपल्या तंजावरच्या मराठी मंडळींच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर चार पानं मराठीत लिहून द्या, असा मला निरोप आला आहे. तू कुठल्या सालचा, पोस्टात किती वर्षं होतास, ते दुसरं कोणीतरी लिहील. मी आपल्या शनिवारांचं लिहितो. तुला ते सगळं ठाऊकच आहे, पण वाचणाऱ्याला नाही, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

एक वकील वारले आणि त्यांच्या मुलांनी घर रिकामं करताना चार पेट्या पुस्तकं सेल्वराजच्या दारात आणून टाकली. भुतं, प्लँचेट, गेल्या जन्मीच्या आठवणी, ताडपत्रांवरची भविष्यं, उडत्या तबकड्या. तमिळ निम्मी, इंग्रजी निम्मी. लोक त्यांवर तुटून पडले. मग एक आई भांडायला आली, तुमच्या पुस्तकानं माझी मुलगी एकटी न्हाणीत जाईना म्हणून. सेल्वराज घाबरला. त्यानं आपल्या दोघांना गाठलं. मी रसायनशास्त्राचा निवृत्त मास्तर, तू निवृत्त पोस्टमास्तर. दोघांना वेळच वेळ. "सगळी वाचा आणि चांगलं कुठलं, वाईट कुठलं, ते आत एक चिठ्ठी चिकटवून सांगा," म्हणाला.

मी ते काम मन लावून केलं. प्रश्न ठरवले. पाहणाऱ्याचं नाव दिलंय का? पाहिल्यावर किती दिवसांनी सांगितलं? दुसरं कारण असू शकेल का, हे लेखकानं तपासलं का? उलट बोलणाऱ्याला विचारलं का? आणि सगळ्यांत आधी, लिहिणारा तिथं गेला होता का, की घरी बसून दुसऱ्याचं पुस्तक उतरवलं? माझ्या चिठ्ठ्या बघ: "साक्षीदार निनावी. काळाचा उल्लेख नाही. एकच घटना दोन प्रकरणांत दोन गावी. टाळावे."

त्याच पुस्तकात खाली तुझी चिठ्ठी: "ह्या लेखकाला भुतं आवडतात, माणसं आवडत नाहीत. बसमध्ये वाचायला ठीक."

लोक तुझी वाचायचे. काउंटरपाशी उभे राहून हसायचे, शेजारच्याला दाखवायचे. माझी चिठ्ठी वर असायची, तरी डोळे सरळ तुझ्यावर जायचे. मी दोन-तीनदा मुद्दाम तिथंच वर्तमानपत्र उघडून बसलो होतो, कोणी माझी वाचतंय का बघायला. तुला हे कधी सांगितलं नाही.

मग राजम मामी आल्या. तिरुवैयारूच्या, गाणं शिकवणाऱ्या. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. मृतांशी बोलण्याचं एक जाड पुस्तक त्यांनी छातीशी धरलं होतं. मला विचारलं, "सर, हे चांगलं आहे?" मी खरं ते सांगितलं. चार निरनिराळ्या माणसांचे आत्मे चार बैठकांत शब्दशः तेच बोलतात, सगळे सुखात आहेत, सगळीकडे उजेड आहे. लेखक एकाही बैठकीचं टिपण दाखवत नाही. "मामी, हे फसवं आहे," म्हणालो. त्यांनी पुस्तक ठेवलं, "सरी, बरं," म्हणाल्या आणि निघाल्या.

तू त्यांच्यामागे रस्त्यावर गेलास. पुस्तक घेऊन.

मला वाटलं, हा आता खोटी आशा देणार. तुला फैलावर घ्यायचं मी ठरवूनच टाकलं. पण तू दोन आठवडे बसनं तिरुवैयारूला जाऊन त्यांच्या तिण्णईवर, दारापुढच्या ओट्यावर बसून ते पुस्तक त्यांच्याबरोबर वाचलंस. शेवटी एवढंच विचारलंस, "मामी, यात कुठलं वाक्य तुमच्या यजमानांच्या तोंडचं वाटतं?" त्यांनी पानं मागंपुढं चाळली आणि मग हसू लागल्या. "चाळीस वर्षांत ते माझ्याशी इतकं गोड एकदाही बोलले नाहीत. हे कोणी दुसरेच आहेत," म्हणाल्या. आणि पुस्तक आपण होऊन परत केलं.

निकाल तोच, माझाच. फसवं. पण मामींचं लिंबाचं लोणचं तुझ्या घरी आलं. दरवर्षी येत राहिलं. तू त्यातलं अर्धं मला बरणीतून आणून द्यायचास, आणि ते खाताना मला ठसका लागायचा.

पापनाशमचं आठवतं? एका पुस्तकात तिथल्या रेल्वेलाइनीजवळच्या घराचं वर्णन होतं. माडीवर दिवा आपोआप लागतो, घरातली म्हातारी लेखकाला थरथरत सगळं सांगते, वगैरे. जाऊन बघू, ही कल्पना माझी. बसमध्ये तुला मी प्रश्नांचा कागद दाखवला. पोचल्यावर मी रुळांपासून खिडकीचं अंतर पावलांनी मोजू लागलो, कुठल्या गाडीचा उजेड कुठल्या काचेवर पडेल त्याची आकृती काढली. उन्हात पाऊण तास. आत गेलो तर तू म्हातारीसमोर मांडी घालून ताक पीत होतास.

"सेतू, बस," म्हणालास. "पाट्टी काय म्हणते ऐक."

पाट्टी म्हणाली, "पुस्तकात माझं नाव आहे असं लोक सांगतात. पण लिहिणारा कोणी आला नाही. विचारायला आलेले तुम्हीच पहिले."

माझ्या प्रश्नाचं उत्तर, आणि ते तुला मिळालं, ताकाच्या पेल्यासकट. माझी आकृती बरोबर होती, तो उजेड पॅसेंजर गाडीचाच होता. ती अजून माझ्या वहीत आहे. कोणी मागितली नाही.

तू ती हकीकत तमिळमध्ये लिहून एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीला धाडलीस. त्यांनी छापली आणि आणखी मागितली. दर पंधरवड्याला एक पुस्तक, गूढ विषयावरचं, लोकप्रिय, आणि ते घ्यावं की सोडावं याचा सल्ला. तू लिहायचास "आम्ही दोघं विचारतो". वाचणारे ऐकायचे "वेंकोबा सर विचारतात". यात तुझा दोष नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काही उपयोग झाला नाही. पोस्टमन तुझ्या दारात पत्रांचा गठ्ठा टाकायचा आणि तू ती मला वाचून दाखवायचास. आनंदानं, लहान मुलासारखा. कुंभकोणमच्या कोणा नर्सचं पत्र, कोणा बसकंडक्टरचं पत्र. मी म्हणायचो, "बरं." तू म्हणायचास, "सेतू, तुज आनंद नाही झाला?" मी म्हणायचो, "झाला की."

आणि ही लिपीसुद्धा. साठी उलटल्यावर तू म्हणालास, आपण घरी मराठी बोलतो आणि मज तिचं एक अक्षर वाचता येत नाही, तू शिकव. मी शिकवली. माझ्या वडिलांनी मला जशी शिकवली तशी, पाटीवर. वर्षभरात तुझं अक्षर माझ्याहून वळणदार झालं. आता अंकवाल्यांनी मला सांगितलं, "वेंकोबारावांचं हस्ताक्षर असेल तर एक पान द्या, छापू." माझं मागितलं नाही.

आता मुख्य गोष्ट. हिच्यासाठी मी पंधरा दिवस पानं फाडतो आहे.

गेल्या वर्षी एका नावाजलेल्या तमिळ लेखकाचं पुस्तक आलं, कावेरीच्या डेल्टातल्या झपाटलेल्या जागांवर. सातव्या प्रकरणात एका खेड्यातल्या दवाखान्याची नर्स आहे. ओलं लुगडं नेसलेली बाई मूल घेऊन दाराशी येते, नर्स दार उघडते, बाई नाही, ओली पावलं आहेत, नर्स रडत बसते. तू ते वाचून हललास. मीही हललो. पण एका वाक्याशी अडलो. नर्स उठते आणि खोली उबदार व्हावी म्हणून भिंतीतल्या शेगडीतले निखारे सारखे करते.

तंजावरच्या मुलखात! जिथं मार्गशीर्षात कानाला मफलर बांधला की थंडी संपते, तिथं खेड्यातल्या दवाखान्यात भिंतीत शेगडी!

दोन दिवसांत मूळ सापडलं. कॉलेजच्या वाचनालयानं टाकून दिलेली पुस्तकं मी घरी आणली होती ना, त्यांत एका चहामळेवाल्या साहेबाच्या आठवणी होत्या. थंड डोंगरावरचा बंगला, आया, ओली बाई, निखारे. परिच्छेदामागून परिच्छेद तोच. चोरानं घर बदललं, शेगडी काढायला विसरला. मी साहेबाच्या पुस्तकात त्या पानात चिठ्ठी घातली: "प्रकरण सात हेच." खाली तारीख घातली. मंगळवार होता.

गुरुवारी तू लेख घेऊन माझ्याकडे आलास. मोठ्यानं वाचलास. "हा लेखक तिथं जाऊन आला आहे, ते प्रत्येक ओळीत दिसतं," असं त्यात वाक्य होतं. वाचून झाल्यावर चष्मा काढून विचारलंस, "कसं वाटलं, सेतू? काही राहिलं का?"

साहेबाचं ते पुस्तक आपल्यापासून चार हातांवर कपाटात होतं.

मी म्हणालो, "छान झालंय. पाठव."

एवढंच. मला उचकवणारं काही घडलं नव्हतं, की तू मला दुखवलं नव्हतंस. मला फक्त एकदा तुला चुकलेलं पाहायचं होतं.

छापून आलं. दहा-बारा दिवसांत ओरत्तनाडूच्या एका शाळामास्तरानं दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवून पुरवणीला पत्र धाडलं. ते छापलं गेलं. सेल्वराजच्या वाचनालयात लोक तुझ्या पाठीमागे हसले. मी ऐकलं. आणि वेंकू, त्या दिवशी मला बरं वाटलं. पोटभर जेवलो.

मग तुझा पुढचा लेख आला. तू एकही सबब सांगितली नाहीस. लिहिलंस, "त्या नर्सचं रडणं मला खरं वाटलं म्हणून मी बाकीचं विचारायचं विसरलो. रडणं खरं असू शकतं आणि पुस्तक खोटं. माझा मित्र सेतू असता तर ही शेगडी त्याला पहिल्या वाचनात दिसली असती. मी त्याला विचारायला हवं होतं."

त्यानंतर आलेल्या पत्रांनी तुझी टोपली भरली. इतकी पत्रं आधी कधी आली नव्हती. मी तुला पडू दिलं, आणि पडल्यावर तू लोकांना आणखी जवळचा वाटलास. त्या लेखात माझं नाव पहिल्यांदा छापून आलं, तेही तुझ्या दयेनं आणि खोटं. विचारलं होतंस की! चष्मा काढून विचारलं होतंस.

पुढे आठ महिने आपण दर शनिवारी भेटलो. मी दर शनिवारी आज सांगू म्हणून यायचो. आणि मग एका सकाळी पद्मावैनी दुसरी कॉफी घेऊन आल्या तेव्हा तू खुर्चीतच होतास, पण नव्हतास.

इथवर लिहून थांबलो होतो. पुढचं नंतरचं आहे.

छापायला देण्याआधी पद्मावैनींना दाखवावं असं वाटलं. त्यांना ही लिपी येत नाही, म्हणून मी वाचून दाखवायला गेलो. त्या पडवीत शेंगा सोलत बसल्या होत्या. सोलता सोलता ऐकत राहिल्या. लोणच्याला हसल्या. "छान झालंय, पाठव" हे घाईनं वाचून टाकलं. मी मान वर केली नाही.

"पुढं वाचा," म्हणाल्या.

शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली.

"त्यांस ठाऊक होतं, भावोजी."

मी आता मान वर केली.

"त्या शाळामास्तरचं पत्र छापून आलं त्या दिवशी ते तुमच्याकडे आले होते. तुम्ही औषधं आणायला गेला होता. तुमच्या सुनेनं बसवलं. त्यांनी कपाटातलं ते पुस्तक ओढलं. चिठ्ठी बघितली, तारीख बघितली. घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. आवडीची वांग्याची रसवंगी केली होती, तिलाही हात लावला नाही."

"मज का नाही विचारलं?"

"मीही तेच म्हटलं. जा, विचारा, भांडा. तर म्हणाले, विचारलं तर सेतू खोटं बोलेल. मग शनिवारी माझ्याकडे कोण येईल?"

मी रडलो, वेंकू. तुझ्या तेराव्याला रडलो नव्हतो. पद्मावैनी नाही रडल्या. त्यांनी पाणी आणून दिलं आणि समोर उभ्याच राहिल्या.

"ते विसरले," म्हणाल्या. "मी विसरले नाही. आठ महिने तुमच्या हातात कॉफी देताना दर वेळी माझ्या मनात यायचं, आज तरी हा माणूस बोलेल. तुम्ही कॉफी प्यायची आणि साखर कमी आहे म्हणायचं."

"वैनी, म्हणून तर हे लिहिलं."

"कुठल्या भाषेत लिहिलं?" त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. "ही अक्षरं वाचणारी गावात माणसं किती? माझ्या मुलीस येत नाहीत, तुमच्या नातवास येत नाहीत. वीस म्हातारे वाचतील आणि अंक कपाटात ठेवतील. त्यांची फजिती झाली ती तमिळमध्ये. हसणारे हसले ते तमिळमध्ये. तुम्ही कबूल करायचं तर तिथं करा."

मी घरी आलो. त्या बाईनं मला उघडं पाडलं होतं. मी कुठल्या भाषेत लपतो आहे हे तोवर मलाही कळलं नव्हतं. चार दिवस लागले. माझं तमिळ प्रयोगशाळेच्या वहीसारखं आहे, तुझ्यासारखं वाहत नाही. पण शेगडी, मंगळवार, गुरुवार, कपाट, सगळं लिहिलं. पुरवणीच्या संपादकांनी फोन केला. "सर, हे नावानिशी छापायचं? लोक बोलतील." मी म्हणालो, "नावानिशी."

रविवारी आलं. सोमवारी वाचनालयात गेलो तेव्हा सेल्वराजनं मान खाली घालून रजिस्टर पुसलं, पुसण्यासारखं काही नसताना. कॉलेजातली ती मुलगी पायरीवरूनच परत गेली. पद्मावैनींकडे शनिवारी गेलो. त्यांनी कॉफी दिली आणि या खेपेला समोर बसल्या.

आपल्या अंकालाही हेच देतो आहे, जसंच्या तसं. तुझ्या लेखांना गठ्ठ्यानं पत्रं यायची. माझ्या लेखाला एक आलं, तेही दोन आठवड्यांनी. मायावरमच्या कोणा माणसाचं, माझ्या ओळखीचा नाही. पोस्टकार्डावर तमिळमध्ये एकच ओळ आहे, "सर, तुम्ही वाईट केलंत." खाली नीट अक्षरात नाव आणि पूर्ण पत्ता.

मी ते टेबलावर ठेवलं आहे. सकाळपासून पाच-सहा वेळा वाचलं. वेंकू, मला आलेलं हे पहिलं वाचकाचं पत्र. उत्तर कसं लिहितात, ते सांगायला तू हवा होतास.

सेतू